सापडणारी चकती

"लांब कोनतीबी जाते, मॅडम. सापडते कोनती, थे सांगा."

हे वाक्य मी काकाजींच्या तोंडून किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. नवीन डिस्क हातात आली की ते आधी डोळे मिटायचे. मग उजव्या हाताचा अंगठा तिच्या कडेवरून सावकाश एक पूर्ण फेरी फिरवायचे, आणि फेरी पूर्ण झाली की डिस्क परत देऊन हे वाक्य म्हणायचे. आणणारा बिचारा ती डिस्क किती लांब जाते ते सांगायला आलेला असायचा. त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

डिस्क गोल्फ म्हणजे काय, हे अमरावतीत मला आजही समजावून सांगावं लागतं. ताटाएवढी प्लास्टिकची चकती दुरून फेकायची, ती पडली तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. एवढंच. काकाजींच्या भाच्याने परदेशातून येताना अकरा डिस्क आणल्या, बडनेरा रोडच्या पलीकडच्या पडीक जागेवर मामाला खेळ शिकवला आणि सुट्टी संपल्यावर तो निघून गेला. पिशवी राहिली. मामाने सायकलच्या रिमा आणि भंगारातल्या साखळ्या जोडून नऊ टोपल्या उभ्या केल्या. आम्ही सातआठ जण तिथे रविवारी सकाळी जमायचो. त्यात एक एसटीचे कंडक्टर होते, एक मेडिकलवाले होते, आणि राजापेठेत बारावीच्या मुलांना गणित शिकवणारी मी होते. मी वजन कमी करायला गेले होते. वजन तेवढंच राहिलं.

काकाजी भूमी अभिलेखमध्ये मोजणीला होते. अर्ध्या जिल्ह्याचे बांध त्यांच्या पायाखालून गेलेले. त्यांचं पाऊल म्हणजे माप होतं, आणि त्यावर कुणी शंका घेतली की ते टेप मागवायचे. "टेप लावा. चुकलो तर नोकरी सोडतो," असं ते निवृत्तीनंतरही म्हणायचे.

ते डिस्क फेकायचे आणि ती हवेत असतानाच चालायला लागायचे. ती कुठे चालली आहे हे बघायचेसुद्धा नाहीत. ओठ हलत असायचे. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. थांबायचे, वाकायचे, आणि डिस्क हातात. आम्ही बाकीचे गवतात म्हशी हरवल्यासारखे फिरत असायचो. मला तो तोरा वाटायचा. खरं सांगते, थोडा रागही यायचा.

तो तोरा नव्हता, हे मला फेब्रुवारीतल्या एका सकाळी कळलं. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि काकाजींनी हात चुकीच्या जागी नेला. बाटली त्यांच्या अगदी बाजूला होती. मी ती हलवली. त्यांचा हात हवेतच फिरत राहिला.

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

"हळू बोला." त्यांनी मागे मान वळवली. मेडिकलवाले लांब होते. "समोरचं दिसते. नळीतून पाह्यल्यासारखं. बाजूचं गेलं. काचबिंदू हाय. गेलेलं येत नाई, असं डॉक्टर म्हणते."

"घरी माहीत आहे?"

"घरी कोन हाय? बायको फोटोत. पोरगा पुण्याले. त्याले समजलं तर आठ दिवसांत उचलून नेते मले." आणि मग या माणसाने, ज्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसावं, माझ्यापुढे हात जोडले. "तिथं माहं काय हाय, मॅडम? इथं मले पावलं माहीत हायेत. घरापासून दुधवाल्यापर्यंत किती, चौकापर्यंत किती. थे गेले की मी आंधया."

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. चूक की बरोबर, मला आजही ठरवता येत नाही. ते अजून लुना चालवत होते; ती मात्र मी त्यांना विकायला लावली. राजापेठच्या चौकात त्यांनी केळीच्या गाडीला धडक दिल्याची गोष्ट तोवर माझ्या कानावर आली होती. ते ती गोष्ट केळीवाल्याच्या चुकीची म्हणून सांगत असत. तेव्हापासून मी त्यांना माझ्या स्कूटरवर मैदानावर नेऊ लागले.

आणि मग ते सापडणाऱ्या चकतीचं प्रकरण सुरू झालं.

लांब फेकायच्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात. तिची कड पातळ, धारेसारखी असते. काकाजींनी त्यांच्या तीन जाती केल्या होत्या. काही 'लाडावलेल्या': जोरात फेकल्या की उजवीकडे निघून जातात. काही 'हट्टी': काहीही करा, शेवटी डावीकडे झुकून खाली बसतात. आणि काही थोड्या 'समजदार'. हाताने जी दिशा दिली तीच धरतात, शेवटी डावीकडे जेमतेम मान वळवतात आणि पडतात. नवशिके सगळे लाडावलेल्या किंवा हट्टी घेऊन येतात, कारण दुकानदार फक्त लांबी सांगतो. मीही एक फार वेगवान डिस्क मागवली होती. ती पेलायला हातात जेवढा जोर हवा तेवढा माझ्या पूर्ण घराण्यात नव्हता.

काकाजींना समजदार हवी होती. हौस म्हणून नव्हे. डिस्क दिसणार नसेल तर ती प्रत्येक वेळी एकाच जागी पडली पाहिजे, म्हणजे पावलं मोजून तिथे पोचता येतं. आणि पोचता येतंय तोवर कुणाला काही कळत नाही.

मार्चमध्ये आम्ही दोघांनी सलग पाच सकाळी मोजणी केली. हो, मोजणीच. त्यांनी घरून खुंट्या आणि फक्कीची पिशवी आणली, आणि आपल्या पावलांनी दर दहावर एक खुंटी ठोकली. एकेक ड्रायव्हर दहादा फेकायचा. तो पडला तिथे मी फक्कीचं टिंब टाकायचं आणि ओरडून सांगायचं.

"अठ्ठ्याऐंशी, उजवीकडे सहा!"

"पुढची."

"ब्याण्णव, डावीकडे चार!"

"वारा हाय का?"

"नाही."

"मंग माह्या हाताची चूक. थे धरू नका. नाई, धरा. हातबी धराच लागते."

एका पिवळ्या डिस्कने एकदा एकशेआठ पावलं घेतली. मी टाळ्या वाजवल्या. काकाजींनी विचारलं, "बाकीच्या नऊ?" बाकीच्या नऊ अख्ख्या मैदानात पांगल्या होत्या. पिवळी बाद झाली. एक हिरवी बरी होती, पण ती दर वेळी तीनचार पावलं डावीकडे जायची. "हट्टी हाय, पन हट्टात पक्की हाय," असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुमाले दिसते. तुमी ठेवा."

पाचव्या दिवशी जुनी निळी निघाली. भाच्याची वापरून वापरून मऊ झालेली, कडेवर बारीक ओरखडे असलेली. नव्या डिस्क हट्टी असतात आणि आपटून आपटून सरळ होतात, हे मला त्या दिवशी समजलं. निळीची दहा टिंबं पडली तेव्हा मी बघत राहिले. घरातली चादर अंथरली असती तर दहाही तिच्यात मावली असती.

"किती?"

"चौऱ्याण्णव, काकाजी. सगळ्या चौऱ्याण्णवच्या आसपास."

ते स्वतः चालत आले. वाकले. एकेका टिंबावरून बोटं फिरवली, सगळी पांढरी झाली. "चला," ते म्हणाले, "अकोल्याची सोय झाली."

अकोल्याचं सांगायला हवं. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमचा आणि अकोल्याच्या मंडळींचा सामना असतो. जोड्या पाडून खेळायचं. बक्षीस म्हणून जिंकणाऱ्यांना हरणाऱ्यांनी मांडे खाऊ घालायचे, एवढंच. पण अकोलेकरांचे म्होरके म्हणजे काकाजींचे व्याही. मुलाचे सासरे. काकाजींनीच त्यांना खेळाचा नाद लावला होता, आणि आता पस्तावत होते. व्याही नऊच्या नऊ टोपल्या त्यांच्याबरोबर चालणार. त्यांना सकाळी शंका आली की दुपारी पुण्याला फोन, आणि संध्याकाळी मुलगा गाडीत.

"नका ना जाऊ," मी म्हटलं. "पाठ धरली म्हणून सांगा."

"दोन वर्षं झाली पाठ धरून. इवाई येडा नाई. औंदा नाई गेलो तर थोच घरी येते पाहाले."

ठरलं ते असं. मी त्यांची जोडीदार. निळी सरळ पडली तर मी गप्प राहायचं. डावीकडे गेली तर म्हणायचं, 'ऊन वाढलं.' उजवीकडे गेली तर, 'वारा सुटला.' पेपरात कॉपी करणाऱ्या पोरांना मी जन्मभर पकडलं, आणि आता हे.

शुक्रवारी सरावानंतर त्यांनी निळी माझ्याकडे दिली. रविवारी पहाटे मीच मेडिकलवाल्यांच्या गाडीने त्यांना घ्यायला जाणार होते. पिशवी विसरण्याची जोखीम नको म्हणून.

"घरात ठेवा. माठाजवळ. उन्हात नको."

"हो हो," मी म्हटलं, आणि स्कूटरच्या डिक्कीत टाकली.

शनिवारी माझ्या जादा बॅच होत्या. सकाळी आठपासून. स्कूटर क्लाससमोर, एका झाडाची सावली दहा वाजता संपते तिथे उभी होती. एप्रिलमधलं अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत असेल. नसेल तर एवढंच सांगते की त्या दुपारी स्कूटरच्या सीटवर हात टेकवणं अशक्य होतं. संध्याकाळी पाच वाजता मी डिक्की उघडली. आतून भट्टीसारखी वाफ आली. निळी पान्यांच्या पिशवीवर तिरपी पडली होती आणि तशीच तिरपी झाली होती. उचलली तर शिळ्या पोळीसारखी एका बाजूने लोंबत होती.

घरी आणून मी ती फरशीवर ठेवली आणि वर बारावीची गाईडं रचली, जेवढी होती तेवढी. सकाळी काढली तेव्हा सपाट दिसत होती. मी ती डोळ्यांसमोर धरून चारही बाजूंनी बघितली. ठीक आहे, मी स्वतःला म्हटलं. दिसतच नाही काही.

काकाजींना सांगितलं नाही. फोन हातात घेतला होता. ठेवून दिला.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. काकाजींनी कप हातात द्यायला लावला. "गरम हाय का?" असं उगाच विचारत त्यांनी बोटं कपाभोवती नीट जमवली. मेडिकलवाले काही समजले नाहीत. काकाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दाढी घोटून केलेली. एका गालावर थोडी राहिली होती.

अकोल्याला मैदानावर व्याही हात पसरून पुढे आले. काकाजींनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि मिठी मारली. "या, इवाई! हरून मांडे चारा यंदा!" म्हणत व्याही मोठ्याने हसले. मला हसू येईना.

पहिल्या दोन टोपल्या जवळच्या होत्या. तिथे ड्रायव्हर लागत नाही. काकाजींनी साखळ्यांच्या रोखाने हलकी डिस्क टाकली, साखळ्या खणखणल्या. दोन्हींत आमची सरशी झाली. व्याह्यांनी माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली.

तिसरी टोपली लांब. उघडं मैदान, दोन्ही बाजूला कमरेइतकं वाळलं गवत, उजवीकडे बाभळी. वारा समोरून. काकाजींनी हात पुढे केला. मी पिशवीतून निळी काढून दिली.

त्यांनी डोळे मिटले. अंगठा कडेवरून फिरू लागला. अर्ध्यावर आला आणि थांबला.

तिथेच, बोटभर जागेत, तो पुढेमागे झाला. मग पुढे गेला आणि फेरी पूर्ण केली. काकाजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी जिथे असेन तिथे.

"घेऊ ना, मॅडम?"

हीच वेळ होती. नको म्हणायचं, दुसरी घ्या म्हणायचं. चार अकोलेकर बाजूला उभे होते.

"घ्या," मी म्हटलं.

त्यांनी फेकली. हात तसाच गेला, जसा मार्चभर गेला होता. पण तीस पावलांवरच निळीने कूस बदलली. उजवीकडे कलली, वाऱ्याने तिला आणखी कलवलं, आणि ती लांब, फार लांब बाभळींच्या दिशेने निघून गेली. काकाजी चालायला लागले होते. सरळ. ओठ हलत होते.

"वारा सुटला," मी म्हटलं. आवाज फुटला नाही. "वारा सुटला!" मी पुन्हा म्हटलं. पण वारा खरंच समोरून येत होता, आणि माझे शब्द माझ्याच तोंडावर आले.

सगळे बघत होते. त्यांना वाटलं, म्हातारा काहीतरी गंमत करतोय. काकाजी ताठ मानेने मोकळ्या मैदानातून चालत गेले. चौऱ्याण्णव पावलं झाली असावीत, कारण ते थांबले. वाकले. हाताने गवत चाचपलं. डावीकडे चाचपलं. मग गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी चाचपू लागले.

मी धावले, पण व्याही माझ्या आधी निघाले होते. ते बाभळीपर्यंत गेले, निळी उचलली आणि चालत काकाजींपाशी आले. मी पोचले तेव्हा ते त्यांच्याजवळ खाली बसत होते. मघाशी हसणारा तो आवाज आता अगदी लहान झाला होता.

"इवाई, हे घ्या. इकडं होती."

काकाजींनी डिस्क घेतली. "किती लांब?"

"लांब होती."

"असन," काकाजी म्हणाले. "उन्हानं डोयात पानी येते माह्या."

"होय," व्याही म्हणाले. त्यांनी काकाजींच्या दंडाला धरून उठवलं, आणि दंड सोडला नाही.

सामना तिथेच थांबला. मांडे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. कुणी कुणाला हरवलं नाही.

मुलगा मंगळवारी आला. रागावला नाही, रडला, असं काकाजींच्या शेजारणीने सांगितलं. दहा दिवसांत जायचं ठरलं. मी आठ दिवस त्यांच्याकडे गेले नाही. रोज निघायची आणि गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळवायची. मला एकच गोष्ट खात होती. काकाजींना वाटत असणार की त्यांचा हात गेला. डोळ्यांच्या मागोमाग हातानेही दगा दिला. ज्या हातावर ते इतकी वर्षं जगले तो बिघडला असं समजून हा माणूस पुण्याला जाणार, आणि खरं कारण माझ्या डिक्कीत.

नवव्या दिवशी गेले. ते खाटेवर बसले होते. खाली दोन बॅगा भरलेल्या. डिस्कची पिशवी दारामागच्या खुंटीवर.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डिक्की, ऊन, गाईडं. रडले. लाज वाटते, पण रडले.

"बसा," ते म्हणाले. "मले माहीत होतं."

"काय?"

"चकती वाकडी हाय, थे. अंगठ्याले समजत नाई काय? एका जागी अशी बसली होती." त्यांनी हवेतच अंगठा फिरवून ती जागा दाखवली. "उन्हात राह्यली, म्हटलं."

"मग फेकली कशाला?" मी जवळजवळ ओरडले. "परत द्यायची ना!"

"चार मानसांत काय सांगू? मॅडमनं चकती वाकडी केली म्हनून? तुमचा चेहरा दिसत नोता, पन तुमचा 'घ्या' ऐकला ना मी." ते थोडे हसले. "अन् वाटलं, पडन कुठंबी, तुमी सांगसान. तुमी सांगतलंबी असन. वारा होता."

मी तेव्हा कुठे खाटेच्या कडेवर बसले.

"चकती वाकडी झाली, थे तुमचं," ते म्हणाले. "पन मले दिसली नाई, थे माहं. तुमचं तुमी घ्या, माहं मले राहू द्या. सगळं सोताच्या अंगावर नका घेऊ. मोजणीत असं चालत नाई. ज्याचा बांध त्याचा."

मग त्यांनी निळी मागितली. मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती वाकड्या जागेसकट अंगठ्याने एकदा तपासली आणि उशाजवळच्या बॅगेत, धोतरांच्या घडीत ठेवली. बाकी पिशवी मैदानाला राहू द्या म्हणाले.

आता ते पुण्याला पाचव्या मजल्यावर असतात. सून चांगली आहे, नातू डोळ्यांत थेंब घालतो. पहिल्याच फोनमध्ये मी विचारलं, घर कसं आहे?

"चौदा पावलं," ते म्हणाले. "मंग भिंत येते."

मला काकाजींची फार आठवण येते. लिहून टाकते, कारण त्यांच्या तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही.

रविवारी मी मैदानावर जाते आणि त्यांना फोन लावून खिशात ठेवते. ते ऐकत असतात. गेल्या रविवारी मी ठरवलं की आज त्यांच्यासारखं करायचं. डिस्क फेकली आणि ती पडायच्या आधीच डोळे मिटून चालायला लागले. मोठ्याने मोजत. फोनमधून काकाजींचा आवाज माझ्याबरोबर मोजत होता. सत्तरीला वाटलं, पुढे खड्डा आहे. तरी डोळे उघडले नाहीत. माझी पावलं त्यांच्याहून लहान, आणि फेकही. ब्याऐंशीला ते म्हणाले, "बस. वाका."

मी वाकले. हाताने गवत चाचपलं. माती, काटे, एक दगड. पुन्हा चाचपलं.

"सापडली?"

"सापडली, काकाजी," मी म्हटलं.

फोनमध्ये पाचव्या मजल्यावर कुठेतरी कुकरची शिटी झाली.

"मॅडम," ते म्हणाले, "थे हिरवी होय ना? डाव्या अंगाले पाहा. तीनचार पावलं."

मी डोळे उघडले. ती तिथेच पडली होती.